सिझेरियननंतर घरी आल्यावर वेदनाशामक गोळ्या वेळेवर घ्याव्यात की दुखल्यावरच?

नवी बाळंतीण (सातारा)

नमस्कार. माझ्या सिझेरियनला अजून आठवडा झालेला नाही. रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर माहेरी आले आहे. बाळ व्यवस्थित आहे, टाके कोरडे आहेत, ताप नाही. रुग्णालयात असेपर्यंत वेळ झाली की परिचारिका गोळी हातावर ठेवत असत, त्यामुळे दुखण्याचा वेगळा विचार करावा लागला नाही. घरी आल्यापासून मात्र त्याच गोळ्यांवरून रोज चर्चा होते.

सुटीच्या कागदावर पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा खाल्ल्यानंतर, सकाळी अनशापोटी पॅन्टोप्राझोल (जठरातले आम्ल कमी करणारी गोळी) आणि शिवाय लोह व कॅल्शियम असे लिहिले आहे. वेदनाशामक गोळ्या पाच दिवस घ्या आणि पुढे लागतील तशा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आईचे म्हणणे असे की या गोळ्या दुधात उतरतात आणि बाळाच्या अंगी लागतात, तेव्हा अगदीच सोसवेनासे झाले तर घ्याव्यात. आईचे ऐकून मी दिवसभर गोळी टाळते, आणि संध्याकाळपर्यंत अशी अवस्था होते की कुशीवर वळणेही नकोसे वाटते. बाळाला पाजायला घेतले की ओटीपोटात कळा सुरू होतात. मग गोळी घेतली तरी तिचा गुण यायला वेळ लागतो आणि तोवर बाळ रडून थकून जाते.

माझे दोन प्रश्न आहेत. गोळ्या घड्याळ पाहून घ्याव्यात की दुखेल तेव्हा? आणि दूध पाजताना त्या खरोखर सुरक्षित आहेत का? शेजारच्या काकूंनी त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले एक पाकीट आणून दिले आहे, त्यावर ट्रॅमाडॉल व पॅरासिटामॉल अशी नावे आहेत. पाळीच्या वेळी मी घेत असे ते मेफ्टाल-स्पासही घरात आहे. यांपैकी काही चालेल का? माझे वजन सध्या ४७ किलो आहे.

भूलतज्ज्ञ (कोल्हापूर)

आपल्याला तपासलेले नसल्यामुळे जे सर्वसाधारणपणे लागू होते तेवढेच लिहितो. आपल्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर राहील. तरीही पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडपडदा न ठेवता देता येते. कागदावर लिहिलेल्या दोन्ही वेदनाशामक गोळ्या पहिले काही दिवस घड्याळ पाहून घ्याव्यात, दुखण्याची वाट पाहू नये. काकूंचे पाकीट त्यांना परत करावे.

सिझेरियनमध्ये त्वचा, चरबी, स्नायूंवरचे जाड आवरण, पोटाच्या आतले अस्तर आणि शेवटी गर्भाशय असे एकेक थर उघडले जातात. पोटाचे स्नायू सहसा कापत नाहीत, ते मधोमध बाजूला सारतात. पण त्यांवरचे आवरण कापून पुन्हा शिवलेले असते, आणि खोकताना, हसताना किंवा उठताना जी तीव्र ओढ बसते ती मुख्यत्वे तिथली असते. याखेरीज दुसरे दुखणे गर्भाशयाचे. बाळ ओढू लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते, त्याने पान्हा फुटतो आणि त्यानेच गर्भाशयही आकसते. पाजताना येणाऱ्या आपल्या कळा या त्या आकसण्याच्या आहेत. त्या त्रासदायक असल्या तरी रक्तस्राव आटोक्यात राहण्यासाठी आवश्यक आहेत.

या दोन्ही दुखण्यांमागे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांचा मोठा वाटा असतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे ती रसायने तयार होणे कमी करतात, म्हणून जखमेची सूज आणि गर्भाशयाच्या कळा या दोन्हींवर त्यांचा उपयोग होतो. पॅरासिटामॉल प्रामुख्याने मेंदू व मज्जारज्जूच्या पातळीवर काम करते. मार्ग वेगळे असल्याने दोन्ही एकत्र घेतल्यास एकट्या कोणत्याही औषधापेक्षा अधिक आराम मिळतो आणि ट्रॅमाडॉलसारख्या अफूवर्गीय औषधांची गरज पुष्कळ कमी होते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवर काम करणाऱ्या 'प्रॉस्पेक्ट' या युरोपीय तज्ज्ञगटाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींतही सिझेरियननंतर ही जोडी नियमितपणे द्यावी आणि अफूवर्गीय औषध केवळ राखीव ठेवावे, असेच म्हटले आहे.

आता घड्याळाविषयी. तोंडाने घेतलेल्या पॅरासिटामॉलचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि चार ते सहा तासांत तो ओसरतो. दूध उतू जाऊ लागल्यावर धावण्यापेक्षा आधीच आच मंद ठेवावी, तसाच हा प्रकार आहे. वेदना एकदा पूर्ण वर आली की तीच मात्रा तिला लवकर खाली आणू शकत नाही. मग माणूस घाईने जास्त गोळ्या घेतो आणि एकूण हिशेबात मात्र दिवसभर दुखतच राहते. आपल्या संध्याकाळच्या अवस्थेचे कारण हेच आहे. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री पाजायला उठाल तेव्हा पॅरासिटामॉल. आणि न्याहारी, दुपारचे जेवण व रात्रीचे जेवण यांनंतर आयब्युप्रोफेन, अशी मांडणी बहुतेक घरांत जमते. कागदावरील संख्या ओलांडू नये, एवढीच अट. रात्रीची गोळी वगळण्याचा मोह होतो, परंतु ती वगळणाऱ्या स्त्रिया पहाटे सर्वांत जास्त कण्हताना मी पाहिल्या आहेत.

दुधाविषयी आपल्या आईंना असे सांगावे. दोन्ही औषधे दुधात उतरतात हे खरे आहे, पण किती उतरतात हे मोजले गेले आहे. आयब्युप्रोफेन रक्तातील प्रथिनांना इतके घट्ट चिकटून राहते की, वजनाच्या प्रमाणात पाहिल्यास, आईच्या मात्रेच्या एक टक्क्याहूनही कमी औषध बाळापर्यंत पोहोचते. पॅरासिटामॉल त्याहून थोडे अधिक उतरते, तरी तान्ह्या बाळाला तापासाठी जेवढे थेट पाजतात त्याच्या कितीतरी कमी. जागतिक आरोग्य संघटना या दोन्हींना स्तनपानाशी सुसंगत मानते. शिवाय पहिल्या दिवसांत दुधाचे प्रमाणच अल्प असते. वेदनेने आखडून बसलेल्या आईला बाळ नीट छातीशी धरता येत नाही आणि पान्हाही मोकळा होत नाही. बाळाच्या दृष्टीने मला त्याची चिंता गोळीपेक्षा अधिक वाटते.

औषधनिर्माती (नाशिक)

भूलतज्ज्ञांनी गोळ्या कशा घ्याव्यात ते लिहिलेच आहे. मी दुकानाच्या काउंटरपलीकडून जे रोज पाहते ते लिहिते. आपल्याकडे वेदनाशामकांची नावे कंपनीगणिक बदलतात आणि एकाच गोळीत दोन औषधे असणे नेहमीचे आहे. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असते. झीरोडॉल-पीमध्ये असेक्लोफेनॅक १०० आणि पुन्हा पॅरासिटामॉल ३२५. काकूंच्या पाकिटातील ट्रॅमाडॉलसोबतही बहुधा पॅरासिटामॉल ३२५ असेल. डोलो आणि क्रोसिन ही तर पॅरासिटामॉलचीच नावे आहेत. घरात कोणी 'थोडा ताप वाटतो' म्हणून एक, 'कंबर धरली' म्हणून दुसरी आणि 'सर्दी झाली' म्हणून तिसरी गोळी दिली, तर बाळंतिणीच्या पोटात तीन वाटांनी एकच औषध जाते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हिशेब करून पाहा. ६५० च्या चार गोळ्या म्हणजे २६०० मिलिग्रॅम. त्यात तीन कॉम्बिफ्लाम मिळवल्या की आणखी ९७५, म्हणजे ३५७५. सर्दीच्या दोन गोळ्यांतून प्रत्येकी ५०० धरले तर ४५७५. प्रौढ व्यक्तीसाठी पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे, आणि वजन ५० किलोपेक्षा कमी असल्यास ती आणखी खाली येते. अशा वेळी एका खेपेला दर किलोमागे १५ मिलिग्रॅम असा अंदाज धरतात. आपल्या ४७ किलोंना तो सुमारे ७०० येतो, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेली ६५० ची गोळी चार वेळा अगदी योग्य आहे, पण तिच्यावर दुसरी कोणतीही पॅरासिटामॉलयुक्त गोळी घेण्यास जागा उरत नाही. जादा पॅरासिटामॉलचा घाव यकृतावर बसतो आणि पहिल्या दिवशी तो कळतसुद्धा नाही. म्हणून पाकिटाच्या पुढच्या बाजूवरचे मोठे नाव सोडून मागची बारीक अक्षरे वाचावीत. पाकीट नेहमी नाव शाबूत राहील अशा बाजूने कापावे, ही माझी सर्व गिऱ्हाइकांना विनंती असते. शेवटच्या दोन गोळ्या उरल्या की त्या कशाच्या आहेत हे कोणालाच सांगता येत नाही.

मेफ्टाल-स्पास कृपया घेऊ नका. त्यातील मेफेनॅमिक आम्ल हे आयब्युप्रोफेनच्याच गटातले आहे, त्यामुळे दोन्ही घेतल्यास जठर व मूत्रपिंडांवर दुहेरी भार पडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यातील दुसरे औषध, डायसायक्लोमिन, स्तनपान करणाऱ्या आईने टाळायचे असते. लहान अर्भकांमध्ये त्यामुळे श्वसनाचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. पाळीच्या कळांसाठी सवयीची झालेली गोळी बाळंतपणाच्या कळांसाठीही चालेल, असा समज मला फार वेळा भेटतो, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

ट्रॅमाडॉलचेही सांगते. काही व्यक्तींच्या यकृतात कोडीन आणि ट्रॅमाडॉल या अफूवर्गीय औषधांचे रूपांतर फार वेगाने होते, आणि मग दुधातून बाळाला अपेक्षेपेक्षा अधिक तीव्र औषध मिळून ते सुस्त होऊ शकते, त्याचा श्वास मंदावू शकतो. कोडीन घेणाऱ्या आईच्या दुधावरील एका नवजात बाळाच्या मृत्यूची कॅनडातील नोंद २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्तनपान करणाऱ्या मातांनी ही दोन्ही औषधे घेऊ नयेत, असा इशारा दिला. भारतातही ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले आहे. एखाद्या रुग्णेला डॉक्टर ते विचारपूर्वक, थोड्या मात्रेत आणि बाळावर लक्ष ठेवून देऊ शकतात. काकूंनी शेजारधर्म म्हणून द्यावे, अशातले ते औषध नाही.

दोन लेकरांची आई (ठाणे)

ताई, माझी दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली. पाजताना येणाऱ्या कळा दुसऱ्या खेपेस जास्त असतात असे मला परिचारिकेने आधीच सांगितले होते, आणि त्या तशा आल्याही. तेव्हा पहिल्या खेपेस याच एवढ्या का, असे मनात आणू नका.

गोळीचा उपयोग नुसते पडून राहण्यासाठी न करता कामे उरकण्यासाठी करावा, असे माझे मत आहे. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने आंघोळ, शौच आणि घरातल्या घरात चालणे उरकून घेत असे. उठताना थेट पोटावर जोर देऊन बसायचे नाही: आधी गुडघे वाकवायचे, कुशीवर वळायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपराने अंग वर ढकलायचे. खोकला किंवा शिंक येते असे वाटले की उशी टाक्यांवर दाबून धरायची. पाजताना बाळाचे पाय काखेखालून मागे जातील असे धरले, तर त्याची लाथ टाक्यांवर बसत नाही.

आणखी एक. पोटात अडकलेला वायू मला कधीकधी टाक्यांपेक्षाही जास्त दुखवी, अगदी खांद्यापर्यंत कळ जाई. त्यावर वेदनाशामक गोळी फारशी चालत नाही, चालणे चालते. लोहाच्या गोळीने मलावरोध होतो आणि कुंथताना टाके ओढले जातात, म्हणून पाणी भरपूर प्यावे आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल किंवा तत्सम काही सुरू करावे. डिंकाच्या लाडवांना माझा विरोध नाही, मी ते आवडीने खाल्ले, पण पहिल्याच आठवड्यात तूप, मेवा आणि डिंक यांचा मारा झाला की पोट जड होते, हे आईला हळूच सांगून पाहा.

परिचारिका (ग्रामीण रुग्णालय, विदर्भ)

आमच्याकडे येणाऱ्या अनेक बाळंतिणी गोळ्या संपल्या म्हणून थांबतात, आणि विकत घ्यायला लागतील या संकोचाने सांगत नाहीत. सरकारी रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियनसह औषधे मोफत मिळण्याचा हक्क आहे. तेव्हा गोळ्या कमी पडल्यास आशाताईंमार्फत किंवा स्वतः येऊन मागाव्यात.

दुखणे दिवसागणिक थोडे थोडे उतरले पाहिजे, ही माझी साधी कसोटी आहे. गोळ्या वेळेवर घेऊनही ते वाढत असेल, किंवा कमी होऊन पुन्हा उसळले असेल, तर अधिक गोळ्या घेण्याऐवजी टाके दाखवावेत. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर जाणे, टाक्यांभोवती लाली पसरणे, पू किंवा दुर्गंधी स्राव, तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, एकाच पोटरीला सूज व वेदना, धाप लागणे, यांपैकी काहीही असल्यास सकाळची वाट पाहू नये. पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो, म्हणून संशय असेल तेव्हा पुढची गोळी घेण्याआधी तापमापक लावावा. उठून बसले की डोके फुटल्यासारखे दुखते आणि आडवे पडले की थांबते, असे असेल तर ते पाठीतून दिलेल्या भुलेशी संबंधित असू शकते, तेही कळवावे.

आणि टाक्यांवर शेगडीचा शेक किंवा गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. तिथली त्वचा काही काळ बधिर असते, भाजलेले कळत नाही.

नवी बाळंतीण (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. भूलतज्ज्ञांचा दुधाविषयीचा परिच्छेद आईला वाचून दाखवला; तिने घड्याळाचा गजर स्वतःच लावला आहे. तिची एक शंका आहे आणि माझी एक. दशमूलारिष्ट आणि बाळंतकाढा या गोळ्यांसोबत चालेल का, असे ती विचारते. माझी शंका अशी की शेवटच्या महिन्यात माझा रक्तदाब वाढला होता आणि मला त्यासाठी गोळी सुरू होती, ती अजूनही सुरू आहे. हे मी आधी लिहायला हवे होते का? आणि पाच दिवसांनंतर गोळ्या एकदम बंद करायच्या की हळूहळू?

भूलतज्ज्ञ (कोल्हापूर)

रक्तदाबाची माहिती महत्त्वाची आहे, बरे झाले लिहिलेत. आयब्युप्रोफेनच्या गटातील औषधांनी शरीरात मीठ व पाणी साठून रक्तदाब थोडा चढू शकतो, अशी जुनी धास्ती आहे. परंतु बाळंतपणानंतर रक्तदाब असलेल्या स्त्रियांनाही ही औषधे देता येतात, असे आता बहुतेक मार्गदर्शिका मानतात. अपवाद स्पष्ट आहेत: मूत्रपिंडांच्या चाचण्या बिघडलेल्या असणे, रक्तातील प्लेटलेट कमी असणे, लघवीचे प्रमाण घटणे, जठरव्रणाचा पूर्वेतिहास, किंवा ॲस्पिरिनसारख्या गोळीने दमा उसळलेला असणे. आपल्या डॉक्टरांनी रक्तदाब ठाऊक असूनच आयब्युप्रोफेन लिहिले असणार, तरी आज दूरध्वनी करून एकदा खातरी करून घ्यावी. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब सर्वाधिक चढतो, म्हणजे आपण नेमक्या त्याच दिवसांत आहात. घरी यंत्र असेल तर सकाळ-संध्याकाळ मोजावा. १५०/१०० च्या वर गेल्यास डॉक्टरांना कळवावे. १६०/११० किंवा अधिक असल्यास, अथवा तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणे यांपैकी काही असल्यास थेट रुग्णालय गाठावे. ती डोकेदुखी पॅरासिटामॉल घेऊन मारू नये.

दशमूलारिष्टासारख्या अरिष्टांत आंबवण्याच्या प्रक्रियेतून मद्यार्क तयार होतो, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या व पॅरासिटामॉल सुरू असताना मी ते तूर्त थांबवायला सांगेन. घरगुती काढ्यात नेमके काय घातले आहे यावर उत्तर अवलंबून आहे. त्यात ज्येष्ठमध असेल तर तो रक्तदाब वाढवतो, म्हणून तो नकोच. बाळंतशोपा चघळायला हरकत नाही.

गोळ्या बंद करताना आधी आयब्युप्रोफेन तीनवरून दोन आणि मग रात्रीची एक असे कमी करावे, कारण जठर व रक्तदाब यांवर भार तिचाच आहे. पॅरासिटामॉल त्यानंतर काही दिवस, विशेषतः सकाळी उठण्यापूर्वी आणि रात्री, लागेल तसे घेता येते. पॅन्टोप्राझोल आयब्युप्रोफेनसोबतच थांबते. ते महिनोन्महिने सुरू ठेवू नये. एखाद्या दिवशी जास्त चालणे झाले किंवा पाहुण्यांच्या गडबडीत बसून राहावे लागले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वेळा पॅरासिटामॉल घेण्यात काही गैर नाही.

औषधनिर्माती (नाशिक)

एक पुरवणी. रक्तदाबाची गोळी कोणती आहे ते तिच्या पाकिटाच्या मागे पाहून डॉक्टरांना त्याच दूरध्वनीवर वाचून दाखवा. लेबेटॅलॉल, निफेडिपिन आणि एनालाप्रिल ही तिन्ही दूध पाजताना वापरली जातात, पण एनालाप्रिल आणि आयब्युप्रोफेन एकत्र असतील तर मूत्रपिंडांवर थोडे अधिक लक्ष ठेवावे लागते आणि पाणी कमी पिऊन चालत नाही.